पाचोळा नेमके कोण कुजवते? : एका पुराव्याची तपासणी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोकणात प्राथमिक शिक्षकांचे एक शिबिर होते. मातीतील जीवसृष्टीवर बोलण्यासाठी मला बोलावले होते. सूक्ष्मदर्शकाखाली मी सर्वांना ओरिबॅटिड माइट दाखवले आणि सवयीने एक वाक्य बोलून गेलो : "हे जीव पालापाचोळा कुजवून त्याचे खत करतात, म्हणून पाचोळा जाळू नका." हे वाक्य मी वीस वर्षे बोलत आलो आहे, लेखांतही लिहिले आहे.

मागच्या रांगेतले एक गुरुजी उभे राहिले. म्हणाले, "सर, आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पाचोळा, कवळे, शेण सगळे जाळतात. मी वर्गात जाळू नका म्हणालो तर मुलांचे वडील मला विचारणार, हे किडे पाचोळा कुजवतात हे कोणी पाहिले?" मी सांगितले की असे प्रयोग झालेले आहेत. डांबरगोळीतले नॅप्थॅलीन टाकून हे जीव हटवले, तर पाचोळा हळू कुजतो असे आढळले आहे. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण डांबरगोळीने बुरशीला काही होत नाही कशावरून?"

मी काहीतरी गोलमोल उत्तर दिले. शिबिर संपले. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. घरी आल्यावर मी या विषयावरचे जुने-नवे शोधनिबंध पुन्हा काढून बसलो. ते वाचताना जे दिसले ते या लेखात मांडतो आहे. संशोधकांना दोष देणे हा हेतू नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःच आपल्या पद्धतींतल्या उणिवा दाखवून दिल्या आहेत. दोष आहे तो त्या उणिवा गाळून निष्कर्ष तेवढे पुढे पाठवणाऱ्या आमच्यासारख्यांचा.

हे जीव कोण?

माइट हे कोळी आणि विंचू यांचे नातलग. पूर्ण वाढलेल्या ओरिबॅटिड माइटला आठ पाय असतात. लांबी साधारण ०.२ ते १ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. बहुतेकांचे कवच कडक आणि तपकिरी असते, आणि काही तर पाय आत ओढून डबीसारखे मिटून घेतात. शेतकऱ्याला माहीत असलेला लाल कोळी हाही माइटच, पण तो जिवंत पानातला रस शोषतो. ओरिबॅटिड मात्र बहुतांशी मातीत आणि पाचोळ्यात राहतात. थंड प्रदेशातल्या आम्लधर्मी वनमातीत एका चौरस मीटरमध्ये त्यांची संख्या लाखांत जाऊ शकते. आजवर त्यांच्या सुमारे ११,००० जातींची वर्णने झाली आहेत. अमेरिकेतील गिलबोआ येथे सापडलेले त्यांचे जीवाश्म १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे वय सुमारे ३८ कोटी वर्षे आहे. पृथ्वीवर पहिली जंगले उभी राहत होती तेव्हापासून हे जीव जमिनीवर आहेत.

त्यांच्या अभ्यासाची परंपराही जुनी आहे. इंग्लंडमधील आल्बर्ट मायकेल यांनी १८८४ आणि १८८८ साली ब्रिटनमधील ओरिबॅटिडांवर दोन खंड प्रसिद्ध केले. फ्रान्सचे फ्रांस्वा ग्रांजाँ मूळचे खनिजांचे आणि द्रवस्फटिकांचे अभ्यासक. त्यांनी ध्रुवित प्रकाशात माइटच्या अंगावरचे केस तपासले, आणि केसांच्या गाभ्यातले द्रव्य त्या प्रकाशात उजळते की नाही यावरून माइटांचे दोन मोठे गट पाडले. अशा चिकाटीने या जीवांचे एकेक केस मोजले गेले. पण 'हा जीव कसा दिसतो' या प्रश्नाला जितकी वर्षे मिळाली, तितकी 'हा जीव करतो काय' या प्रश्नाला मिळाली नाहीत. या विषयातली असमतोलाची सुरुवात इथेच होते.

पुरावा पहिला : जाळीच्या पिशव्या

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे एडवर्ड्स आणि हीथ यांनी केलेला प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाला. तो आजही पाठ्यपुस्तकांत सापडतो. ओक आणि बीच या झाडांच्या पानांच्या गोल चकत्या कापून त्यांनी नायलॉनच्या पिशव्यांत भरल्या आणि पिशव्या मातीत पुरल्या. पिशव्यांच्या जाळीची छिद्रे वेगवेगळ्या आकारांची होती. ७ मिलिमीटरच्या छिद्रातून गांडुळासकट सगळे आत येऊ शकत होते. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून माइट आणि त्यांच्याएवढे इतर जीव. ०.००३ मिलिमीटरच्या छिद्रातून फक्त सूक्ष्मजीव. मोठ्या छिद्रांच्या पिशवीतल्या चकत्या सर्वांत लवकर नाहीशा झाल्या, मधल्या पिशवीतल्या सावकाश. सर्वांत बारीक जाळीतल्या चकत्या नऊ महिन्यांनंतरही जवळजवळ जशाच्या तशा दिसत होत्या.

प्रयोग देखणा आहे. वर्गात सांगावा असाच आहे. पण त्यातून निष्कर्ष काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायला हव्यात.

पहिली गोष्ट, 'नाहीशा झाल्या' म्हणजे काय? मोठ्या छिद्रातून पानाचा तुकडा खाली गळला किंवा गांडुळाने ओढून नेला, तरी तो पिशवीतून नाहीसा होतो. तो कुजला असे मात्र म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट ओलाव्याची. अतिशय बारीक जाळीच्या आतला ओलावा आणि हवा बाहेरच्यासारखी राहत नाही. मग फरक प्राण्यांमुळे पडला की ओलाव्यामुळे? तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बुरशीच्या अनेक जातींचे तंतू ०.००३ मिलिमीटरहून जाड असतात. म्हणजे सर्वांत बारीक जाळीने प्राण्यांबरोबर काही बुरशीलाही बाहेर ठेवले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर 'फक्त सूक्ष्मजीव' ही त्या पिशवीवरची चिठ्ठी पुरती खरी नाही.

शिवाय मधली पिशवी माइटांची म्हणून सांगितली जाते, पण तीत स्प्रिंगटेल, बारीक अळ्या, छोटे कृमी हेही शिरतात. त्यांच्यातून ओरिबॅटिडांचा वाटा वेगळा काढण्याची सोय या प्रयोगात नाही.

पुरावा दुसरा : डांबरगोळी

जाळीतल्या या अडचणी टाळण्यासाठी दुसरी युक्ती निघाली. पिशव्या सगळ्या सारख्याच ठेवायच्या, आणि काहींमध्ये नॅप्थॅलीन घालून संधिपाद प्राणी हटवायचे. अमेरिकेतील ओक रिज येथे विटकॅम्प आणि क्रॉस्ली यांनी ओकच्या पाचोळ्यावर असे काम केले. ते १९६६ साली प्रसिद्ध झाले. नॅप्थॅलीन घातलेला पाचोळा सावकाश कुजला. ही पद्धत स्वस्त आणि सोपी असल्यामुळे जगभर पसरली. शिबिरात मी जे सांगितले ते याच घराण्यातले.

आता गुरुजींचा प्रश्न. नॅप्थॅलीनमुळे फक्त माइटच कमी होतात, बुरशी आणि जिवाणू यांना ते स्पर्शही करत नाही, हे गृहीत धरल्याशिवाय हा पुरावा उभा राहत नाही. मातीतले काही जिवाणू, विशेषतः स्यूडोमोनास गटातले, नॅप्थॅलीन चक्क अन्न म्हणून वापरतात हे सूक्ष्मजीवशास्त्राला चांगले माहीत आहे. म्हणजे ज्या पिशवीत आपण 'काही नको' म्हणून पदार्थ घातला, तिथे काहींना मेजवानी दिली. १९८९ साली ब्लेअर, क्रॉस्ली आणि रायडर यांनी नेमका हाच प्रश्न प्रयोगशाळेत तपासला. सूक्ष्मजीवांच्या कार्यावर आणि मातीतल्या नायट्रोजनच्या साठ्यांवर नॅप्थॅलीनचा स्वतःचा परिणाम होतो, असे त्यांना दिसले. या दुसऱ्या निबंधातले क्रॉस्ली हे १९६६ च्या निबंधातलेच क्रॉस्ली. स्वतः रूढ केलेल्या पद्धतीवर तेवीस वर्षांनी स्वतःच प्रश्नचिन्ह लावणे, हे विज्ञानात फार वेळा पाहायला मिळत नाही. वाचकांनी ते नाव याही कारणासाठी लक्षात ठेवावे.

म्हणजे कोकणातल्या शाळेतल्या गुरुजींनी एका क्षणात विचारलेला प्रश्न शोधनिबंधांत १९८९ पासून उभा होता. मी तो वाचलेलाही होता. भाषण करताना मात्र तो माझ्या सोयीने मागे राहिला.

पुरावा तिसरा : खातात काय?

पाचोळा कुजण्याचा वेग मोजण्याऐवजी, माइट काय खातात हेच का पाहू नये? हाही मार्ग जुना आहे. १९५६ साली शुस्टर यांनी आणि १९७२ साली डेन्मार्कच्या बीचच्या जंगलातील माइटांवर काम करणाऱ्या लक्स्टन यांनी त्यांची आहारावरून वर्गवारी केली. काही मृत पाने आणि लाकूड खाणारे, काही बुरशी व इतर सूक्ष्मजीव खाणारे, आणि काही दोन्ही खाणारे. पोट उघडून आतले कण पाहणे, किंवा बशीत वेगवेगळे पदार्थ ठेवून निवड पाहणे, हा या वर्गवारीचा आधार.

यातली अडचण कोणाही शिक्षकाच्या ध्यानात येईल. बशीत दोनच पदार्थ ठेवले तर प्राणी त्या दोहोंतलाच एक निवडणार. पोटात पानाचा तुकडा सापडला, तरी माइटने पान पचवले की पानावरची बुरशी पचवून पान तसेच बाहेर टाकले, हे तुकड्यावरून कळत नाही. मऊ अंगाचा कृमी खाल्ला असेल तर त्याचा ओळखता येण्याजोगा अवशेषच उरत नाही.

२००४ साली श्नायडर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतील जंगलांतल्या ओरिबॅटिड जातींच्या शरीरातील नायट्रोजनचे समस्थानिक मोजले. खाणाऱ्याच्या शरीरात जड नायट्रोजनचे प्रमाण अन्नापेक्षा थोडे वाढत जाते. त्यामुळे तो अन्नसाखळीच्या कितव्या पायरीवर आहे याचा अंदाज बांधता येतो. आढळले असे की हे माइट एका पायरीवर नाहीतच. काही दगडफूल व शेवाळ यांच्यासारख्या अन्नावर, काही कुजक्या पानांवर, बरेचसे बुरशीवर, तर काही चक्क इतर प्राण्यांवर किंवा त्यांच्या मृत शरीरांवर जगत असावेत. २०११ साली हायडेमान आणि सहकाऱ्यांनी माइटच्या पोटात सूत्रकृमींचा डीएनए शोधला आणि काही ओरिबॅटिड सूत्रकृमी खातात हे दाखवले.

याचा अर्थ काय? 'ओरिबॅटिड माइट पाचोळा खातात' हे वाक्य 'सस्तन प्राणी गवत खातात' यासारखे आहे. गाय खाते, वाघ खात नाही. पूर्ण गटाला एक काम लावून देणे ही पहिली चूक. दुसरी चूक सूक्ष्म आहे. बुरशी खाणारा माइट पाचोळ्याचे कुजणे वाढवतो की कमी करतो? बुरशी चरून कमी झाली तर कुजणे मंदावेल. पण हलके चरल्याने बुरशीला नवी पालवी फुटली, तिचे बीजाणू अंगाला चिकटून दुसरीकडे गेले, तर वाढेल. दोन्ही शक्य आहे, आणि किती चरले यावर ते अवलंबून आहे. माइटांच्या बारीक लेंड्यांचेही तसेच. तुकडे बारीक झाल्याने जिवाणूंना जागा मिळते हे खरे, पण घट्ट दाबलेली लेंडी आतून कोरडी व हवाबंद राहिली तर ती टिकूनही राहू शकते.

कुठले जंगल?

आतापर्यंतची नावे वाचकांनी पाहिलीच आहेत : इंग्लंड, डेन्मार्क, जर्मनी, अमेरिका. ओक आणि बीच. हिवाळ्यात गोठणारी माती. तिथल्या निष्कर्षांवर सह्याद्रीतल्या ऐन-किंजळाच्या पाचोळ्याचे भाषण उभे करणे हाच मुळात धाडसाचा प्रकार.

या आक्षेपाला काही प्रमाणात उत्तर देणारा मोठा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. डायना वॉल आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी सहा खंडांतील ३० ठिकाणी, ४३ अंश दक्षिणेपासून ६८ अंश उत्तरेपर्यंत, एकाच प्रकारच्या वाळलेल्या गवताच्या पिशव्या ठेवल्या. समशीतोष्ण आणि ओल्या उष्ण प्रदेशांत मातीतल्या प्राण्यांमुळे कुजण्याचा वेग वाढला. जिथे थंडी किंवा कोरडेपणा यांनीच सगळे अडवून धरले होते, तिथे प्राणी असून-नसून फारसा फरक पडला नाही.

हा निष्कर्ष मोलाचा आहे. प्राण्यांचा प्रभाव हवामानावर अवलंबून असतो हे त्याने स्पष्ट केले. परंतु प्राणी हटवण्यासाठी येथेही नॅप्थॅलीनच वापरले होते. पद्धत सर्वत्र एकच असल्यामुळे ठिकाणांची तुलना करता येते, पण मूळ शंका राहतेच. शिवाय हटवले गेले ते सगळे संधिपाद. ओरिबॅटिडांच्या नावावर या निष्कर्षातला किती भाग जमा करायचा, ते यावरून सांगता येत नाही.

आपल्याकडे तर ही शंका आणखी वेगळे रूप घेते. आपल्या पाचोळ्याला आठ महिने कोरडे आणि चार महिने ओलेचिंब असे दोन वेगळे ऋतू मिळतात. एकाच ठिकाणी एप्रिलमध्ये प्राणी निष्प्रभ आणि जुलैमध्ये प्रभावी असू शकतील. वर्षाअखेरीस एकदाच पिशवी उघडून वजन केले, तर हा फरक सरासरीत बुडून जाईल. भारतात ओरिबॅटिडांवर काम झालेले नाही असे नाही. कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत आणि केरळात कालिकत विद्यापीठात वर्गीकरणाचे, आणि केरळात आहाराचेही महत्त्वाचे काम झाले आहे. त्या पायावर महिन्या-महिन्याची मोजणी उभी राहायला हवी.

नरसाळे आणि आपण

शाळेत आपण मातीतले जीव दाखवतो ते नरसाळ्याने. १९०५ साली इटलीचे अँटोनिओ बर्लेसे यांनी गरम पाण्याची भिंत असलेले नरसाळे तयार केले. १९१८ साली स्वीडनच्या टुलग्रेन यांनी त्यावर विजेचा दिवा बसवला. वरून ऊब आणि कोरडेपणा येतो, जीव खाली पळतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. प्लॅस्टिकची बाटली कापून हे उपकरण कोणीही करू शकते, आणि जरूर करावे. पण बाटलीत पडलेले म्हणजे मातीत असलेले सगळे नव्हेत. अंडी पळत नाहीत. कात टाकण्यासाठी थांबलेली पिले पळत नाहीत. डबीसारखे मिटणाऱ्या माइटांची पिले पानांच्या देठांत आणि लाकडात पोखरून राहतात. ती बाहेर येण्यापूर्वी अनेकदा आतच सुकून जातात. आणि खरोखर मृत लाकूड-पान खाणाऱ्यांत या गटाचा क्रमांक वरचा आहे. म्हणजे पाचोळा खाणारे शोधायला निघालो, आणि त्यांतलेच काही पद्धतीमुळे निसटले.

मग खात्रीने काय सांगावे?

इतके वाचून 'काहीच सिद्ध झालेले नाही' असे कोणी म्हणेल, तर तेही चूक. पुढील गोष्टी भक्कम आहेत. पाचोळ्याचे रासायनिक विघटन मुख्यतः बुरशी आणि जिवाणू करतात. मातीतले प्राणी, सगळे मिळून, उबदार आणि ओल्या परिस्थितीत हे काम लवकर होण्यास मदत करतात. ओरिबॅटिड माइटांपैकी काही जाती मृत पाने खातात, पुष्कळशा बुरशी खातात, काही सूत्रकृमीही खातात. त्यांचा वेगळा वाटा किती, आणि तो आपल्या जंगलात कोणत्या महिन्यात किती, याचे माप घेणे बाकी आहे.

राबाच्या प्रश्नाला या जीवांना साक्षीला बोलावण्याची गरजच नव्हती. पाचोळा जाळला की त्यातला बराचसा नायट्रोजन हवेत जातो आणि पोटॅश, चुना यांसारखे क्षार राखेत राहतात, हे साध्या रसायनशास्त्राने सांगता येते. शेतकरी राब भाजतो त्यालाही कारण आहे. वरच्या थरातले तणाचे बी भाजून निघते आणि रोपे निर्वेध वाढतात. या नफ्या-तोट्याचा हिशेब शेतकऱ्यासमोर मांडता येतो. त्याऐवजी मी अर्धवट पुराव्याचा माइट पुढे केला, आणि एका जाणत्या शिक्षकाने तो अडवला.

शेवटी एक प्रयोग सुचवतो. मूठभर पाचोळा कुकरमध्ये वाफवून घ्यावा, म्हणजे त्यातले जीव मरतील. तो दोन सारख्या बरण्यांत घालावा. बागेतली माती पाण्यात कालवून, दाट कापडाच्या चार घड्यांतून गाळून, ते पाणी दोन्ही बरण्यांत सारखे शिंपडावे. यामुळे सूक्ष्मजीव आत येतील, माइट बाहेर राहतील. एका बरणीत चिंधीत बांधून डांबरगोळी टांगावी, दुसरीत नुसती चिंधी. दोन्हींची झाकणे सैल ठेवावीत. महिनाभर दर आठवड्याला बुरशी कुठे किती वाढली ते बाहेरूनच पाहून मुलांनी चित्र काढून नोंदवावे. डांबरगोळी विषारी असते. ती शिक्षकांनीच हाताळावी आणि बरण्या वर्गाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवाव्यात. बाजारात डांबरगोळी म्हणून दुसरी रसायनेही मिळतात, तेव्हा वेष्टनावर नॅप्थॅलीन लिहिलेले आहे ना, हेही पाहावे. एका जोडीवर विसंबू नये, निदान पाच जोड्या कराव्यात.

दोन्हींत बुरशी सारखीच वाढली तर गुरुजींची शंका निदान तुमच्या मातीपुरती कमी होईल. फरक पडला तर ती बळावेल. त्या गुरुजींना मी ही कृती पत्राने कळवली आहे आणि माझे शिबिरातले वाक्य मागे घेत असल्याचेही लिहिले आहे. आपणही करून पाहा आणि नोंदी, फसलेल्यांसह, संपादकांकडे पाठवा.